ईआरपीतली कामं: कुठली आयटीची, कुठली खात्यांची?

स्टोअर्स_भोसरी

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिनिंग कंपनीसाठी विचारतो आहे. प्रायव्हेट लिमिटेड, उलाढाल १० कोटींच्या वर, १६० माणसं. ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे ६५, आयटीत दोघंच. सर्व्हर कंपनीच्या आवारात आहे.

सध्या जे जे स्क्रीनवर दिसतं ते सगळं आयटीचं, असा हिशोब आहे. नवीन आयटम कोड आयटी उघडतं. नवीन माणूस रुजू झाला की “याला त्या अमक्यासारखेच राइट्स द्या” (म्हणजे सिस्टीममधले तेच हक्क) असा फोन आयटीला जातो. गाडी भरून गेटवर उभी असते, ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) निघत नाही, तरी हाक आयटीलाच. महिनाअखेरचे रिपोर्टही तेच काढून देतात. आणि उलट बाजूने, प्लॅनिंग आणि पर्चेसकडे मॅक्रो घातलेल्या एक्सेल फाइली आहेत, त्यांचा आयटीला पत्ताच नाही.

डायरेक्टरांनी एका पानावर वाटणी लिहून मागितली आहे. आयटम मास्टर (सगळ्या मालाच्या कोडांची यादी) कोणाचा धरायचा? राइट्स कोणी ठरवायचे? ई-इन्व्हॉइस अडलं तर आधी कोणी बघायचं? आणि एक्सेलचं काय करायचं?


ईआरपी_फंक्शनल

प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावा: यात चूक झाली तर ती नुसती बघून कोणाला कळेल? ज्याला कळेल त्याचं ते काम. स्क्रीन कुठली आहे, बटण कोण दाबतं, यावरून वाटणी केली की सगळं आयटीच्या गळ्यात पडतं.

आयटम मास्टरचंच घ्या, कारण ९० टक्के त्रास तिथूनच सुरू होतो. पर्चेसकडून मागणी येते “बेअरिंग ६२०५ झेडझेड”. मेंटेनन्स लिहितं “बॉल बेअरिंग ६२०५ टूझेड”. तिसरा लिहितो “६२०५ टूआरएस”. पहिले दोन एकच आहेत, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, फक्त कंपन्यांची लिहिण्याची पद्धत वेगळी. तिसऱ्याला रबराचं सील आहे. माप तेच, आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलिमीटर, पण कूलंट उडतं त्या जागी झेडझेड टाकून चालत नाही. आयटीतल्या मुलाने हे ओळखावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो एक तर तिन्ही कोड उघडेल किंवा तिन्ही एकात घालेल. दोन्हीत नुकसान.

दुसरी जागा म्हणजे युनिटचं रूपांतर. राउंड बार किलोवर विकत येतो आणि मीटरवर किंवा नगावर इश्यू होतो. स्टीलसाठी सूत्र सगळ्यांना पाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन. २५ चा बार, ६२५ भागिले १६२, ३.८६ किलो. भरताना ३.६८ असं उलटं पडलं तर ६ मीटरच्या बारमागे साधारण १ किलो ८० ग्रॅमचा फरक. १०० बारला १०८ किलो. सर्व्हर व्यवस्थित चालू, बॅकअप व्यवस्थित, कुठे लाल एरर नाही, आणि स्टॉक मात्र महिन्यागणिक फुगत जातो किंवा आटत जातो. शिवाय बहुतेक ईआरपीत एकदा व्यवहार पडले की मूळ युनिट बदलता येत नाही, नवीन कोडच काढावा लागतो. म्हणून कोड उघडण्याच्या क्षणीच माहीतगार माणूस हवा.

तर पद्धत अशी. मागणी करणारं खातं फॉर्म भरेल: नाव ठरलेल्या क्रमाने (आधी वस्तू, मग माप, मग ग्रेड किंवा प्रकार), ड्रॉइंग असल्यास नंबर आणि रिव्हिजन, मूळ युनिट, खरेदीचं युनिट, रूपांतर. स्टोअर्स डुप्लिकेट शोधेल. अकाउंट्स एचएसएन (मालाच्या प्रकाराचा जीएसटीसाठीचा कोड), कराचा दर आणि व्हॅल्युएशन ग्रुप (स्टॉकची किंमत धरायचा गट) घालेल. मग स्टोअर्सच कोड उघडेल. आयटीचं काम एवढंच: रकाने सक्तीचे करणं, सारखी नावं टाइप केली की इशारा देणं, कोणी कधी उघडलं याची नोंद ठेवणं. एचएसएन ६ आकडी लागतो हेही सिस्टीममध्येच अडवा, ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते बंधनकारक आहे.


इंटर्नल_ऑडिट_कोल्हापूर

वरच्या उत्तराशी बाकी सहमत, पण शेवटचं बटण स्टोअर्सच्या हातात देऊ नका. ज्याच्या ताब्यात माल आहे त्यानेच कोड उघडायचा आणि त्यानेच स्टॉक अॅडजस्टमेंट टाकायची, हे ऑडिटला कधीच पटणार नाही. एकाच मालाचे दोन कोड असले की एकातली तूट दुसऱ्यात झाकता येते. स्टोअर्सने तपासावं, मत द्यावं, पण कोड उघडण्याचा अधिकार प्लॅनिंग किंवा कॉस्टिंगमधल्या एका माणसाकडे ठेवा. त्याच्या रजेसाठी दुसरं नाव आत्ताच लिहून ठेवा.

आता राइट्स. “त्याच्यासारखेच द्या” हा फोन बंद झाला पाहिजे. दहा वर्षं कंपनीत असलेल्या माणसाकडे पूर्वीच्या तीन टेबलांचे राइट्स साचलेले असतात, नवीन माणसाला ते सगळे वारशाने मिळतात. त्याऐवजी कामावरून रोल बनवा: गेट एंट्री, जीआरएन (माल आल्याची नोंद), पीओ (खरेदीची ऑर्डर) तयार करणं, पीओ मंजूर करणं, बिल पास करणं, पेमेंट. रोलमध्ये काय असावं हे खातेप्रमुख ठरवेल आणि लेखी देईल. आयटी ते लावेल. आयटीने स्वतःच्या मनाने एकही हक्क देऊ नये आणि मागितलेला लेखी हक्क अडवूही नये. एकच अपवाद, खाली लिहिलेल्या जोड्या एका माणसाकडे येत असतील तर थांबवून फायनान्सला विचारावं.

व्हेंडर उघडणं किंवा त्याचा बँक खातेनंबर बदलणं, आणि पेमेंट करणं.
पीओ काढणं आणि जीआरएन करणं.
जीआरएन करणं आणि बिल पास करणं.
स्टॉक मोजणं आणि अॅडजस्टमेंट टाकणं.

पहिली जोडी सगळ्यात धोक्याची. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो, “आमचं खातं बदललं आहे”, पर्चेसमधला माणूस मास्टर बदलतो, पैसे तिसऱ्याकडे जातात. बँक तपशील बदलायचा तर आधीपासून आपल्याकडे असलेल्या फोन नंबरवर फोन करायचा, ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, रद्द केलेला चेक मागायचा, आणि मंजुरी दुसऱ्या माणसाने द्यायची. हे काम अकाउंट्सचं. आयटीने मेल फिल्टर कितीही चांगला लावला तरी खऱ्या पुरवठादाराचीच मेलबॉक्स हॅक झालेली असेल तर तो मेल आत येणारच.

दर तीन महिन्यांनी आयटीने प्रत्येक खातेप्रमुखाला त्याच्या माणसांची आणि रोलची यादी द्यावी. त्याने नावासमोर “ठेवा” किंवा “काढा” लिहून सही करावी. ६५ जणांना एका खात्यामागे पंधरा मिनिटं पुरतात. “स्टोअर१”, “डिस्पॅच” असले सामाईक लॉगिन असतील तर ते आधी बंद करा, नाहीतर पुढचं सगळं फुकट. सोडून जाणाऱ्याचं लॉगिन शेवटच्या दिवशी बंद व्हायला हवं आणि ते कळवणं एचआरचं काम. आयटीला ते कँटीनमधून कळता कामा नये.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून एक कायद्याची गोष्ट. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. वैधानिक लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावं लागतं. त्यामुळे “जरा मागून डेटाबेसमध्ये आकडा बदलून दे” ही विनंती अकाउंट्सने करायची नाही आणि आयटीने ऐकायची नाही. चूक झाली तर उलटी नोंद, क्रेडिट नोट, जर्नल, जे असेल ते समोरून. मागून केलेला बदल अॅप्लिकेशनच्या नोंदीत दिसत नाही आणि डेटाबेसच्या पातळीवर लॉग चालू आहे का, हे ऑडिटर विचारतोच.


टॅक्स_डेस्क

ई-इन्व्हॉइसचं सांगतो. इथे एररचा मजकूर वाचूनच ठरतं काम कोणाचं ते. तो मजकूर न वाचता स्क्रीनचा फोटो आयटीला पाठवणं यातच रात्रीचे दोन तास जातात.

ग्राहकाचा जीएसटी नंबर सक्रिय नाही किंवा सापडत नाही, असं आलं तर ते सेल्सचं. ग्राहकाला फोन करायचा, पोर्टलवर नंबर तपासायचा. पिनकोड आणि राज्य जुळत नाही, हे कस्टमर मास्टरचं, तेही सेल्स किंवा अकाउंट्स. राज्यातल्या राज्यात विक्री असून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लागला, हे अकाउंट्सचं, करसेटिंग किंवा पुरवठ्याचं ठिकाण चुकलं आहे. कनेक्शन होत नाही, टोकन (ईआरपीला पोर्टलशी जोडणारी तात्पुरती परवानगी) संपलं, पासवर्ड चुकला, एवढंच आयटीचं. टोकन ६ तासांनी संपतं. सकाळी घेतलेलं टोकन संध्याकाळच्या डिस्पॅचला नेमकं मेलेलं असतं आणि ईआरपी ते आपोआप नवीन घेत नसेल तर रोज त्याच वेळी फोन येणार. हे एकदाच दुरुस्त करून घ्या.

२१५० नंबरचा एरर डिस्पॅचच्या प्रत्येकाला पाठ असावा. त्याचा अर्थ या बिलाचा आयआरएन (ई-इन्व्हॉइस पोर्टल बिलाला देतं तो नंबर) आधीच निघालेला आहे. बहुतेक वेळा असं होतं की पोर्टलने आयआरएन दिला, तेवढ्यात इंटरनेट गेलं, ईआरपीत तो नोंदलाच गेला नाही. अशा वेळी माणूस घाईत नवीन नंबरचं बिल काढतो, आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) मध्ये एकाच मालाची दोन बिलं जाऊन बसतात. नवीन बिल काढायचं नाही. त्या बिल नंबरावरून निघालेला आयआरएन परत ओढून घ्यायचा. ही सोय ईआरपीत बटण म्हणून आयटीने लावून द्यावी, दाबायचं डिस्पॅचने.

रद्द करायला २४ तास असतात आणि चालू ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचं) असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तास गेले की क्रेडिट नोट. म्हणजे रद्द करायचं का, हा निर्णय त्याच रात्री घेणारा माणूस कारखान्यात हजर हवा, आणि तो आयटीचा असू शकत नाही. तुमची उलाढाल १० कोटींच्या वर म्हणता, म्हणून ३० दिवसांची मर्यादाही लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांनी पोर्टल ते घेतच नाही.

ओटीपीचं मात्र आजच बघा. ईआरपीतून एपीआयने (म्हणजे पोर्टलशी थेट जोडणीने) बिलं जातात तेव्हा ओटीपी लागत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. एपीआय बंद पडलं की माणूस पोर्टलवर लॉगिन करायला जातो आणि ओटीपी जातो डायरेक्टरांच्या मोबाइलवर, जे त्या वेळी विमानात असतात. पोर्टलवर सब-यूजर काढता येतात, प्रत्येकाचा मोबाइल वेगळा. डिस्पॅचच्या दोन शिफ्टचे दोन आणि अकाउंट्सचा एक, असे तीन काढून ठेवा. महिन्यातून एकदा ठरवून एक बिल पोर्टलवरून काढून बघा, हात बसलेला राहतो. आयआरएनशिवाय दिलेलं बिल कायद्याने बिल धरलंच जात नाही, म्हणून “आज सोडा गाडी, उद्या करू” हा मार्ग नाही.


सर्व्हररूम

आयटीच्या बाजूने. बॅकअप, नेटवर्क, सर्व्हर, अँटिव्हायरस, पॅच ही कामं आमचीच आणि त्यात खात्यांनी पडू नये. पण बॅकअपमध्येही दोन गोष्टी खात्यांनी सांगाव्या लागतात.

पहिली, किती तासांच्या नोंदी गेल्या तर चालतील. रात्री १ ला बॅकअप होतो आणि संध्याकाळी ५ ला डिस्क गेली, तर १६ तासांच्या नोंदी पुन्हा माराव्या लागतील. ते जमेल का, कागदावर जीआरएन आणि इश्यू स्लिपा आहेत का, हे स्टोअर्स आणि अकाउंट्सने सांगायचं. “एकही नोंद जाता कामा नये” असं उत्तर आलं तर त्याचा खर्च आम्ही लिहून देऊ आणि मंजुरी डायरेक्टर देतील. दुसरी, रिस्टोअर बरोबर झालं का. आम्ही तिमाहीला दुसऱ्या मशिनवर बॅकअप उघडतो आणि तो उघडतो एवढंच आम्हाला कळतं. अकाउंट्सने बसून ट्रायल बॅलन्सची बेरीज, शेवटचा व्हाउचर नंबर आणि स्टॉकची एकूण किंमत त्या दिवसाच्या छापील कागदाशी ताडून बघावी, तीन बिलं उघडून पाहावीत. अर्धा तास लागतो. त्या कागदावर किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता उघडलं तेही लिहा, खऱ्या दिवशी डायरेक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेल्या डिस्कवर हवीच, कारण रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) शेअर केलेल्या फोल्डरमधला बॅकअपही लॉक करतं. कंपन्यांच्या हिशोबाचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर, हा नियमही आहे.

हल्ला झाला तर खात्यातल्या माणसाचं काम चार शब्दांत: केबल काढा, फोन करा. मशिन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. लॉग आमचे. कळवण्यावर सही कोणाची, ते नाव तुमच्या पानावर आधीच असू द्या.

एक्सेलबद्दल. बंद करा म्हणू नका, ती फाइल बनवणाऱ्यानेच कंपनी चालवलेली असते. यादी करा: फाइलचं नाव, कोण सांभाळतं, तो रजेवर असेल तर कोण, डेटा कुठून येतो, आकडे कुठे जातात. शेवटच्या रकान्यात “पेमेंट”, “ग्राहकाला पाठवतो” किंवा “परत ईआरपीत टाकतो” असं आलं, तर त्या फाइलचा तर्क खात्याचा, पण फाइल सर्व्हरवर, बॅकअपमध्ये आणि बदलाच्या नोंदीसह. बाकीच्या फाइली खात्यांनी आपापल्या जबाबदारीवर वापराव्यात.

पेमेंटच्या फाइलीत एक सापळा नेहमीचा आहे. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नंबर अचूक ठेवतं. १६ आकडी बँक खातेनंबर सरळ चिकटवला की शेवटचा आकडा गपचूप शून्य होतो, आणि सुरुवातीचे शून्य असले तर तेही उडतात. तो रकाना चिकटवण्यापूर्वीच टेक्स्ट करायचा. नंतर टेक्स्ट केला तर गेलेला आकडा परत येत नाही. जुन्या एक्सएलएस फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत याच मर्यादेमुळे १५,८४१ कोविड रुग्णांची नोंद वेळेत पुढे गेली नाही. तिथेही सर्व्हर चालूच होते.


स्टोअर्स_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार, ओटीपीचं उद्याच करतो. दोन अडचणी. खातेप्रमुख म्हणतात, आम्हाला वेळ नाही, टेस्टिंगही आयटीनेच करावं. आणि आधीचे ११,००० आयटम कोड आहेत, त्यात डुप्लिकेट भरपूर. ते कोणी निस्तरायचे?


ईआरपी_फंक्शनल

ऑडिटच्या दादांचं बरोबर आहे, बटण प्लॅनिंगकडे ठेवा.

टेस्टिंगला वेळ मोजून मागा, म्हणजे नकार देता येत नाही. एका बदलाला खात्याकडून एक माणूस, दोन तास. आयटी चालू डेटाबेसची ताजी प्रत टेस्टला लावेल. खात्याने मागच्या महिन्यातले १२ खरे व्यवहार निवडायचे आणि त्यातले निम्मे वाकडे असले पाहिजेत: अर्धवट आलेला माल, रिजेक्शन, जॉबवर्कचं (बाहेरून करून घेतलेल्या कामाचं) चलन, पीओपेक्षा जास्त आलेली संख्या, परतावा. सरळ पीओ, सरळ जीआरएन नेहमीच चालतं, त्याने काही सिद्ध होत नाही. आयटीने टेस्ट केलं तर सरळ व्यवहारच होतील, कारण वाकडे कुठले ते त्यांना ठाऊक नसतं. सही झाल्याशिवाय बदल लावायचा नाही, आणि २५ ते ५ तारखेच्या दरम्यान मुळीच नाही. तुमच्याकडे गुरुवारी सुट्टी असेल तर त्या दिवशी सकाळी लावा, खात्याचा एक माणूस दोन तासांसाठी बोलवा आणि त्याला बदली रजा द्या. बिघडलं तर परत फिरवायला दिवस हातात राहतो.

जुन्या कोडांसाठी आयटीने एक यादी काढायची: कोड, नाव, युनिट, शिल्लक, शेवटच्या व्यवहाराची तारीख, उघडे पीओ. २४ महिने हालचाल नाही, शिल्लक शून्य, पीओ नाही, बीओएममध्ये (कुठल्या वस्तूला काय काय लागतं त्या यादीत) नाही, ते सरसकट ब्लॉक करा. डिलीट करू नका, जुने व्यवहार त्यांना जोडलेले आहेत. यातच यादी बरीच लहान होईल. उरलेली वस्तूनुसार वाटा: बेअरिंग, सील आणि पट्टे मेंटेनन्सला, टूल्स आणि इन्सर्ट टूलरूमला, कच्चा माल प्लॅनिंगला. रोज ४० ओळी, एका माणसाला साधारण अर्धा तास. प्रत्येकाने फक्त “ठेवा” किंवा “या कोडात मिळवा” एवढंच लिहायचं.


इंटर्नल_ऑडिट_कोल्हापूर

मिळवताना एक सांभाळा. दोन कोडांची शिल्लक एकत्र करण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजणी करा, मोजणाऱ्यात स्टोअर्सबाहेरचा एक माणूस ठेवा. रॅकवरचं लेबल, ईआरपीतला आकडा आणि मोजलेला आकडा एकाच कागदावर हवेत. तूट निघाली तर ती मूळ कोडावरच दाखवायची आणि मंजूर करून घ्यायची, ट्रान्सफर त्यानंतर. दोन्ही कोडांचे दर वेगळे असतील तर स्टॉकची किंमतही हलते, म्हणून ट्रान्सफरच्या दिवशी अकाउंट्सला आधी आणि नंतरची व्हॅल्यू छापून द्या. मार्चमध्ये हे काम काढू नका. एप्रिलचा दुसरा आठवडा बरा.